मेई द्रिमच्या स्वप्नातली संत्री

"अठ्ठेचाळीस! मी स्वतः मोजलीत," मेई द्रिमने सुपारी कातरता कातरता बजावलं. "म्हातारा टोपली घेऊन आला, ओट्यावर संत्री ओतली, मी एकेक करून मोजली. यात अर्थ कसला काढत बसता?"

लाबान भागातली अख्खी गल्ली सकाळीच तिच्या दारात जमली होती. शिलाँगमध्ये स्वप्न फुकट जाऊ देत नाहीत. पोलो मैदानावर रोज दुपारी तिरंदाज बसतात, पेंढ्याच्या निशाणात किती बाण घुसले ते मोजतात, आणि त्या बेरजेचे शेवटचे दोन आकडे ज्याने आधी लावले तो जिंकतो. आकडा मात्र स्वप्नातूनच यायला हवा.

"पण मेई, मेलेला नवरा आला म्हणजे त्याचाही आकडा धरायला हवा ना?" शेजारच्या वानने शंका काढली.

"जिवंतपणी त्याला कुणी धरलं नाही, आता धरतोस होय रे?"

सगळे खो खो हसले. कोपऱ्यात बाण पुसत बसलेला जावई शेमफांगही हसला, पण बेतानेच. इकडे लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला जातो. सगळेच घरजावई, तेव्हा कुणी कुणाला हसायचं? तरीही वीस-एक वर्षांत सासूने त्याला कधी मोजलं नव्हतं. सगळ्यांना ती हाताने विडा करून द्यायची, त्याने मात्र तबकातून आपला आपण घ्यायचा. तो मैदानावरचा तिरंदाज, आणि हे काम तिच्या लेखी काम नव्हतंच. "पेंढा भोसकायचा आणि घरी यायचं," ती म्हणायची.

"आज मी येणार मैदानावर," ती अचानक म्हणाली. "आकडा माझा आहे."

शेमफांगच्या हातातला बाण निसटला. सासू मैदानावर येणार! आणि तीही नेमकी आज! त्याच्या उजव्या डोळ्यात वर्षभर धुकं साठत होतं, नेम हुकायला लागला होता, उद्यापासून त्याच्या जागी दुसरा बसणार होता. हे फक्त बायकोला, इबानला ठाऊक होतं.

"सांगून टाक की आईला," इबान कुजबुजली.

"आधी बघू दे," तो म्हणाला. "एकदा तरी बघू दे गं."

अख्ख्या गल्लीने अठ्ठेचाळीसवर पैसे लावले. दुपारी मैदानावर तोबा गर्दी. मेई द्रिम चौकड्यांचं वस्त्र खांद्यावरून घेऊन पुढेच ठाण मांडून बसली होती. शिट्टी झाली आणि उकिडव्या बसलेल्या तिरंदाजांनी बाणांचा पाऊस सुरू केला. शेमफांगला निशाण म्हणजे नुसता पिवळट डाग दिसत होता. पण आज त्याच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. पहिला लागला. दुसरा लागला. पाचवा, दहावा! हिरव्या पिसांचे त्याचे बाण एकामागून एक पेंढ्यात रुतत गेले. शेवटचा बाण सोडताना त्याने डोळा मिटूनच घेतला. तोही लागला! एकही हुकला नाही. लहान पोरासारखं ओरडावंसं वाटलं त्याला.

मग मोजणी. बाण उपसून दहा-दहाच्या जुड्या लावायला लागले. गल्ली कानात प्राण आणून ऐकत होती. सातशे झाले. सातशे चाळीस झाले. उरलेले सुटे बाण मोजणाऱ्याने एकेक करून खाली ठेवले. सहा... सात... आठ...

"अठ्ठेचाळीस!" वान हवेत उडाला. "मेई, अठ्ठेचाळीस!"

मोजणाऱ्याच्या मुठीत आणखी एक बाण होता. हिरव्या पिसांचा.

"सातशे एकोणपन्नास," त्याने पुकारलं.

घरी येईपर्यंत वानने शेमफांगला सोडलं नाही. "जावईबापू, तीस वेळा नेम धरलात. एकदा हुकला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?" हुकू नये म्हणूनच तर त्याने जिवाचा आटापिटा केला होता. त्याने धनुष्याची दोरी उतरवली आणि ते खुंटीला टांगलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस, आणि तोच घरच्यांच्या मुळावर आला. त्याला फार वाईट वाटलं.

मेई द्रिम चुलीजवळ बसली होती.

"इबानने सांगितलं मला. डोळ्याचं," ती म्हणाली. "इकडे ये."

तो जाऊन बसला.

"म्हाताऱ्याने संत्री ओतली ना, तेव्हा एक हातात राखून ठेवलं होतं. म्हणाला, हे जावयाचं." तिने पानाला चुना लावला, सुपारीची फोड ठेवली. "ते मी धरलं नाही."

शेमफांग तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. तिने पान दुमडलं, आणि तबकात न ठेवता त्याच्यापुढे हात केला.

"घे."

त्याने घेतलं, तोंडात टाकलं. चुना जरा जास्त झाला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो खाली मान घालून चावत राहिला.