शिंगराचा वाटा

हर्षलने काचेचं माप उन्हाकडे धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"मावशी, यात पाणी घातलंय."

नवसाबाईच्या हातातलं भांडं जागच्या जागी थांबलं. तीस वर्षं तिने निफाडच्या गल्ल्यांतून गाढवी फिरवल्या होत्या, तान्ह्या पोरांच्या खोकल्यासाठी चमच्याचमच्याने दूध विकलं होतं. असं कुणी बोललं नव्हतं. तिला ते फार लागलं.

"गाढवीचं दूध पातळच राहतं, भाऊ. निळसर बी दिसतं."

"फॅट एक टक्कासुद्धा लागत नाही!"

म्हशींच्या गोठ्यात वाढलेला माणूस तो, दूध म्हटलं की आधी फॅट. मुंबईचा एक साबणवाला रोज लिटरभर गाढवीचं दूध घ्यायला तयार झाला, तेव्हा २००५ च्या दिवाळीत हर्षलने द्राक्षबागेच्या कडेला शेड ठोकली. नवसाबाईच्या चारही गाढवी विकत घेतल्या आणि धारा काढायला तिलाच ठेवलं. रीत मात्र म्हशींची चालवली. धार दोन वेळा, आणि दूध साठावं म्हणून त्यांची पिल्लं, शिंगरं, रात्रभर शेडच्या पार मागे बांधलेली. चौघींचं मिळून अर्धा लिटर होताना मारामार. हर्षल कंटाळला होता. संध्याकाळी वीटभट्टीवाल्याचा टेम्पो गाढवी न्यायला येणार होता.

भट्टीवरच्या गाढवांच्या ओझ्याने सोलवटलेल्या पाठी नवसाबाईने पाहिल्या होत्या. या चौघी तर तिने हाताने वाढवलेल्या.

"आजचा दिवस माझ्या रीतीनं करू द्या," ती म्हणाली. "माप तुमच्याच हातात ठेवा. टेम्पो यायच्या आत लिटर भरलं तर गाढवी इथंच राहतील."

"आणि नाही भरलं तर?"

"मग मी काय बोलनार नाय."

तिने शिंगरं सोडली. चारही धावत आयांना बिलगली.

"म्हशीची कास हंड्यायेवढी, साठवून ठिवती. हिची वाटीयेवढी. दर दोन-तीन तासांनी काढावं लागतं. आन् पोरगं अंगाला लागल्याबिगर ही पान्हा चोरती, कायबी करा."

हर्षलने स्वतः कासेखाली माप धरलं. शिंगराने नाक घासलं, गाढवीने कान पाडले आणि धार आली. तशीच पातळ, तशीच निळसर. हर्षलने माप पुन्हा उन्हाकडे धरून पाहिलं. पाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मग दिवसभर तेच चाललं. धार झाली की शिंगरं पोटभर पिणार, मग बांबूच्या आडोशापलीकडे, पण आईला दिसतील अशी. दुपारीच अर्धा लिटर झालं. जेवण सोडून हर्षल माप घेऊन हजर व्हायला लागला, तसं नवसाबाईला हसू आलं. शेवटच्या धारेला चौथ्या गाढवीपाशी माप नऊशे साठवर गेलं आणि तिने हात काढून घेतला.

"कासेत आहे की अजून," हर्षल म्हणाला.

"हाय."

"मग काढा ना! चाळीसच कमी आहे."

फाटकापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. नवसाबाईचा हात सडाकडे गेला. चार-सहा धारांचं काम. शेजारी शिंगरू मान ताणून उभं होतं. चौघांत हेच धाकटं, बरगड्या मोजाव्यात असं. तिने त्याचं तोंड कासेला लावलं.

"हा त्याचा वाटा हाय, भाऊ. तो नाय घेता येत मला."

हर्षल उठला. माप हातात घेऊन फाटकाकडे गेला.

नवसाबाई पाठमोरी उभी राहून गाढवीची मान खाजवत राहिली. टेम्पोचा मागचा फाळका पडल्याचा आवाज कधी येतो याकडे तिचे कान लागले होते. बोलणं ऐकू आलं. मग इंजिन सुरू झालं आणि रिकामा टेम्पो खडखडत लांब गेला.

हर्षल परत आला. शेडच्या मागे जाऊन त्याने रात्री शिंगरं बांधायची चारही दावी सोडून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मावशी, उद्याची पहिली धार किती वाजता?"