पुसायची राहिलेली हाक

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या आमच्या ऑफिसात कोणी कोणाला काही विचारत नाही. हेडफोन लावायचा, परदेशातून आलेले दहा-दहा सेकंदांचे मराठी आवाज ऐकायचे आणि शब्दन् शब्द टाईप करायचा. यंत्राला मराठी शिकवायची आहे म्हणे. हे आवाज तिकडे गेलेच कसे, असं विचारलं की आमचे साहेब राजेंद्र गोड हसतात. देशादेशांचे करार झालेत, नाव-गाव पुसूनच आवाज परत येतो, सगळं कायद्यात बसतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. इतकं गोड हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

मंगळवारी एक तुकडा आला. "लई दिस झाले बाई, काखंजवळ गाठ लागती. दुखत नाय. घरी नाय सांगितलं..." आणि मागून कोणीतरी हाक मारली, "आत्या, चहा निवतोय."

हाक मारणारी मीच होते.

तुकडा तीनदा ऐकला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. त्यांचं नाव-गाव पुसलं होतं, माझी हाक पुसायची राहिली होती. कडेला तारीख होती, पाच महिन्यांपूर्वीची. माझं डोकंच फिरलं. राजेंद्रसाहेबांवर, त्या परदेशी कंपनीवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग आठवलं. बाईच्या आवाजात तब्येतीचा सल्ला देणारं ते बोलकं ॲप आत्यांच्या फोनवर मीच टाकलं होतं. तुमचा आवाज देशाबाहेर जाईल वगैरे लिहिलेलं लांबलचक पान आलं होतं. गॅसवर भाजी करपत होती, मी 'मान्य आहे' दाबून मोकळी झाले.

ऐकलेलं बाहेर सांगितलं तर नोकरी जाते, तशी सही घेतलीय आमची. गेली तर गेली.

घरी येऊन आत्यांना म्हटलं, उद्या घाटी दवाखान्यात जाऊ, गाठ दाखवू. त्यांचा चेहरा उतरला, मग डोळे बारीक झाले.

"तुला कुणी सांगितलं, करुणा?"

मी खरं ते सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. दाराआड उभी राहून ऐकतेस, माझा फोन चोरून बघतेस, असं बरंच बोलल्या. मलाही राग आला. घरात मी असताना त्या मशीनला कशाला सांगितलंत, असं मी तोंडावर विचारलं.

"तिनं पुरतं ऐकून घेतलं," आत्या म्हणाल्या. "तुला चहाची घाई व्हती."



सकाळी निघताना त्यांनी आपला फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकणावर वरवंटा ठेवला. रिक्षात बसल्यावर माझी पर्स उघडायला लावली. माझाही फोन घरीच आहे हे नीट बघून घेतलं. मग माझा हात धरून पदराखाली काखेजवळ नेला.

"इथं बघ," त्या म्हणाल्या.