लख्ख घासलेलं नाणं

पैज लावली ती मीच. दुसरं कोण लावणार? गल्लीत सायकलींची पंक्चरं मी काढतो आणि माणसांची हवाही मीच काढतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

झालं असं, की समोरचा रेडिओ दुरुस्तीवाला रोज दुपारी दुकान उघडं टाकून कोपऱ्यावरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानापुढे उभा राहायला लागला. काचेमागे चांदीचं एक जुनं नाणं होतं, कुठल्याशा मेलेल्या राजाचं तोंड असलेलं. हा काचेला नाक लावून त्या राजाकडे बघत राहायचा. आता हा माणूस पक्का कवडीचुंबक. जळक्या वायरीतलं तांबंसुद्धा सोलून ठेवणार. म्हणून तर सगळे त्याला चिमटा म्हणतात.

"घेत नाही तो," लाँड्रीवाला इस्त्री आपटत म्हणाला. "बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून बघतोय."

"घेईल. मी घ्यायला लावतो."

"तू? अरे, त्याच्या खिशातून पैसा बाहेर काढायला सुईण बोलवावी लागते!"

"लाव पैज. हरलो तर चौकातल्या बाकावर उभा राहून, डोक्यावर बादली घालून तीनदा कोंबड्यासारखा आरवेन. तू हरलास तर तू."

"बादली माझी," लाँड्रीवाला म्हणाला. आणि टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी चिमट्याला मी काचेपाशीच गाठलं. "दादा, एवढं मनात भरलंय तर घेऊन टाका की. भाव मी पाडतो."

तो दचकला. म्हणाला, "तुला नाण्यातलं कळतं?"

"नाण्यातलं नाही, भावातलं कळतं."

तो हसला नाही. काचेवरची नजर न हलवता हळूच म्हणाला, "पोरीचं असेल का रे हे?"

त्याची पोर बापाशी भांडून एका मुलाबरोबर निघून गेली, आधी तिचे फोन यायचे, मग फोनच बंद झाला, एवढं गल्लीला ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक नव्हतं ते त्याने मला तिथे फुटपाथवर सांगितलं. पोर निघाली तेव्हा वहिनींनी आपल्या गळ्यातलं असलंच नाणं काढून तिच्या गळ्यात घातलं होतं. म्हणाल्या होत्या, 'अगदी जीवावर बेतलं तरच मोड. तोवर हात लावू नकोस.'

"आता तुझी वहिनी रोज जेवताना एकच म्हणते," चिमटा म्हणाला. "नाणं आहे गळ्यात, म्हणजे बरी असणार पोर."

माझी पैज माझ्याच घशात अडकली.

"पण ते काळं पडलेलं होतं," तो पुढे म्हणाला. "राजाच्या कानामागे तर अगदी काजळी. हे बघ कसं लख्ख आहे. आणि याला कडी नाही. त्याला मी कडी जोडली होती, गळ्यात घालायला. सोनाराला कशाला पैसे द्यायचे, म्हणून रेडिओला लावतो त्याच शिशाने." मग त्याने माझी बाही धरली. "तू चल आत. मला काही विचारायला जमत नाही."

आत गेलो. दुकानदाराने नाणं मखमलीवर ठेवलं आणि असा काही भाव सांगितला, जणू राजा अजून गादीवर आहे.

"शेठ, हे घासलंय," मी म्हणालो.

"साफ केलंय."

"घासलंय! जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याचं वय. तुम्ही म्हाताऱ्याची दाढी-कटिंग करून त्याला नवरदेव केलात. जाणकार माणूस हात लावणार नाही याला."

हे सगळं मी कुठेतरी अर्धवट ऐकलेलं. पण भाव उतरला. आणखी थोडं बोललो, आणखी उतरला. जीभ एकदा सुटली की मला आवरत नाही. चिमट्याने तोवर नाणं उचललं होतं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"पण एवढं घासायला झालं काय होतं?" मी शेवटचा टोला हाणला.

दुकानदार भडकलाच. "मला काय हौस आहे? कुठल्यातरी गाढवाने याला शिशाने कडी चिकटवली होती! चांदीला शिसं! हा एवढा मुंगळ्यासारखा गोळा. उपटला तर खाली खड्डा. मग घासून घासून सपाट केलं. हे काय, इथे कडेला अजून दबलेलं आहे."

त्याने बोट दाखवलं तिथे चिमट्याचा अंगठा आधीच थांबला होता.

"विकलं कुणी?" मीच विचारलं.

"काय माहीत! वितळवायला निघालेल्या मोडीतून उचललं. पोतंभर माल, कुठल्या कुठल्या गावचा. घ्यायचं तर घ्या, नुसत्या चांदीच्या वजनाने देतो."

चिमट्याने नाणं मखमलीवर ठेवलं. नीट, मधोमध.

"हे ते नाही," तो म्हणाला.

"दादा..."

"माझी कडी पक्की होती. उपटली गेली नसती."

बाहेर आल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. "घरी नेऊन ठेवू कुठे? ती माझे खिसे बघते, डबे बघते. सापडलं की संपलं." चष्मा लावला. "पोरीचं नाणं पोरीकडे आहे. वहिनीला बोलू नकोस काही."

मीच ते घ्यावं असं मनात आलं. पण घेऊन देणार कुणाला?

चिमट्याने नाणं घेतलं नाही, एवढंच मी लाँड्रीवाल्याला सांगितलं. संध्याकाळी तो बादली वाजवत आला. "चला, कोंबड्याची वेळ झाली!" अर्धी गल्ली चौकात. मी बाकावर चढलो, बादली डोक्यावर घेतली आणि पहिली बांग दिली. बादलीत ती अशी घुमली, की मलाच दचकायला झालं. लोक खदाखदा हसले. दुसरी दिली. तेवढ्यात वर, चिमट्याच्या दुकानावरच्या त्याच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"अहो भाऊजी, हे काय चाललंय?" वहिनी.

"वहिनी, पैज हरला हा!" लाँड्रीवाला खालून ओरडला. "तुमच्या यजमानांनी ते चांदीचं ना..."

"कुकूच्कू!"

"काय म्हणालात? कसलं चांदीचं?"

"अहो, त्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं..."

"कुकूच्कू! कुकूच्कू!"

बादलीखालून मला फक्त पाय दिसत होते. त्यांत दुकानाच्या पायरीवर चिमट्याच्या चपला. जागच्या हलत नव्हत्या.

"अरे पुरे!" लाँड्रीवाल्याने माझी विजार ओढली. "तीनच ठरल्या होत्या!"

वर वहिनी हसत होत्या. त्यांचं हसू थांबलं की त्या पुन्हा विचारणार. मी छाती भरून श्वास घेतला आणि आरवलो.