शेजारचा ब्रेक

अपघातानंतर मास्तरांच्या घरी जो येई तो आपापलं हरीण घेऊन येई. दुधाच्या टँकरवाल्याचं हरीण दर वेळी सांगताना थोडं वाढत असे. आता ते घोड्याएवढं झालं होतं आणि त्याची शिंगं टँकरच्या काचेपर्यंत पोचली होती. टपालाची गाडी चालवणाऱ्या बाईंच्या रानडुकराने गाडीचा बंपरच उचकटून नेला होता. बंपर पुढे ओढ्यात सापडला, डुक्कर अजून बेपत्ता. गाव जंगलाला खेटून, आणि बाहेर पडायला रस्ता एकच, तोही झाडीतून. त्यामुळे ज्याच्या गाडीला एकदाही जनावर आडवं गेलं नाही त्याला इथे कोणी चालक म्हणत नसे.

गोष्टी निरनिराळ्या, पण शेवट सगळ्यांचा एकच. टँकरवाला चहाचा कप खाली ठेवून म्हणे, मास्तरीणबाई, मनाला लावून घेऊ नका, ते दिसतच नाही हो, एकदम अंगावरच येतं. मास्तरीणबाई मान हलवत, त्याला आणखी अर्धा कप ओतत आणि आत निघून जात.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. घराच्या बाजूला मोकळं अंगण, त्यात जुने टायर मांडून केलेली वळणं आणि कडेला पत्र्याच्या शेडमध्ये शाळेची गाडी. निम्म्या गावाने त्या अंगणात गिअर खरवडले होते. शाळेच्या गाडीला ब्रेक दोन: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाशी. दोन्ही एका दांड्याने जोडलेले, एक दाबला की दुसरा आपोआप खाली जाई. मास्तर फारसं बोलत नसत, ओरडत तर कधीच नसत. शिकणारा खांबावर चालून निघाला की ते खिडकीबाहेर बघत बघत पाय टेकवत, गाडी थांबे, आणि मग ते हळूच विचारत, "हं, आता सांग, काय चुकलं?" शाळेच्या गाडीवर कधी ओरखडा उठला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, पण तोही त्यांच्या स्वभावाप्रमाणे मनातल्या मनात.

मग डोळे गेले. अगदी गेले असं नाही. समोरचं दिसे, पण कडेचं विझत गेलं. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं की आता गाडी नको, आणि शिकवणं तर नकोच नको. मास्तरांनी शाळेची पाटी उतरवली आणि घरच्या छोट्या गाडीची किल्ली बायकोच्या हातावर ठेवली. बाईंकडे परवाना कधीचा होता, त्याही त्याच अंगणात शिकलेल्या. फक्त नवरा शेजारी नसताना त्यांनी गाडी कधी चालवली नव्हती; तशी वेळच आली नव्हती. आताही जोडी तीच राहिली. बाई चालवत, मास्तर शेजारी बसत, आणि दर आठवड्याला दोघं जंगलापलीकडे मुलीकडे जात, नातीला खेळवत, बाजार करून दिवस कलता कलता परत येत. टँकरवाला म्हणे, मास्तर निवृत्त झाले, पण एक विद्यार्थिनी काही पास होईना.

अशाच एका परतीच्या संध्याकाळी, ओढ्याजवळच्या वळणावर, एक हरीण उडी मारून रस्त्यापलीकडे गेलं आणि त्याच्यामागून दुसरं आलं. गाडीचं तोंड चेपलं, एक दिवा फुटला. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हरीण पडलं, धडपडत उठलं आणि लंगडत झाडीत शिरलं. ते जगलं की नाही कोणालाच कळलं नाही. वनरक्षक बरंच शोधून आला, त्याला काही सापडलं नाही.

त्या दिवसापासून बाईंनी किल्लीला हात लावला नव्हता.

मुलीचा रोज फोन येऊ लागला. तिचं म्हणणं सरळ होतं. आई चालवणार नाही, बाबांना चालवता येणार नाही, मग जंगलाच्या तोंडाशी राहायचं कशाच्या जोरावर? घर विका आणि इकडे या, वरची खोली रिकामीच आहे. जावयाने तर खोलीला रंग द्यायला घेतलासुद्धा. जावई मोठा कामसू माणूस. त्याचा कामसूपणा मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच खटकला. घर सोडायचं म्हटलं की ते भरल्या ताटावरून उठून अंगणात जात. पण बायकोला बळेच गाडीत बसवणं हे काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते वाट बघत राहिले. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

गाडीचा पत्रा सरळ करणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणत. त्याने एका दुपारी गाडी दारात आणून उभी केली आणि कौतुकाने सांगितलं, की दिव्याच्या खोबणीत बारीक बारीक केस अडकले होते, ते चिमट्याने एकेक करून काढले, आता शोधूनही सापडणार नाहीत. बाईंनी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर त्या मोरीत भांडी विसळायला बसल्या. मास्तर शेजारी स्टुलावर बसून कपबश्या पुसत होते.

मागे न बघता बाई म्हणाल्या, "मला दिसलं होतं."

"काय?"

"ते दुसरं हरीण. चांगलं दिसलं होतं. येतो तो सांगतो दिसतच नाही, आणि मी नंदीबैलासारखी मान हलवते. माझ्याकडेच बघत होतं ते. थांबायला जागा होती, वेळ होता."

मास्तर तीच बशी पुसत राहिले.

"पाय हललाच नाही माझा," बाई म्हणाल्या. "तुमचा पाय येईल म्हणून वाट बघत राहिले."

"त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेकच नाही," मास्तर अगदी हळू म्हणाले.

"ते मला माहीत आहे हो. पायाला माहीत नव्हतं."

मास्तर उठून शेडमध्ये गेले आणि शाळेच्या गाडीत आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले. ओरखडा नसलेली गाडी. त्यांना आठवलं, परवाना मिळाल्यावर टँकरवाला एकदा हसत हसत सांगत होता, की पहिले काही दिवस त्याने शेजारच्या सीटवर बटाट्याचं पोतं ठेवलं होतं, मास्तरांच्या वजनाची सवय झाली होती म्हणून. तेव्हा मास्तरही हसले होते. आता त्यांना वाटलं, की आपण सगळ्यांना गाडी चालवायला शिकवलं, पण थांबवण्याचं काम आपल्याच पायाशी ठेवलं. बाकीच्यांना निदान एक दिवस आपल्याशिवाय रस्त्यावर उतरावं लागलं. ठेचकाळून का होईना, त्यांचे पाय जागे झाले असतील. घरातल्या माणसाला मात्र आपण तेवढीही संधी दिली नाही.

हे सगळं बायकोला सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण बोलायचे शब्द जुळवण्यातच त्यांचा दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच आपणहून म्हणाल्या, की शाळेची गाडी काढा, तिच्यात मी बसेन, तिच्यात तुमचा ब्रेक आहे.

मास्तरांच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. घर वाचलं! त्यांनी ठोक्याकडून बॅटरी आणवली, काचा धुतल्या, आपल्या बाजूच्या ब्रेकला तेल घातलं, पायाने चार वेळा दाबून बघितला. लोण्यासारखा खाली जात होता. फक्त मनात एक कुसळ राहून राहून टोचत होतं. त्या संध्याकाळी त्यांनीही पाय दाबला होता, छोट्या गाडीतल्या रबरी मॅटवर, जुन्या सवयीने. पण दाबला तो आवाज झाल्यावर. दोन्ही हरणं कडेने आली आणि कडेलाच गेली. मास्तरांच्या नळीत त्यातलं एकही आलं नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. आता सांगितलं तर बाई पुन्हा किल्ली खुंटीला लावतील, आणि मग वरची रंगवलेली खोली आहेच. त्यांनी ते कुसळ तसंच गिळलं.

बाई चाकामागे बसल्या. टायरांमधली वळणं त्यांनी सफाईने घेतली. मास्तरांनी पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला होता. अंगणाला दोन फेऱ्या झाल्या आणि गाडी फाटकाकडे वळली. तेवढ्यात मास्तरांच्या तळपायाखालचा ब्रेक आपसूक खाली गेला आणि गाडी गचकन थांबली.

बाईंनी श्वास सोडला. "बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही शेजारी असलात की कसं बरं असतं."

तळपायाखाली ब्रेक अजून दबलेलाच होता. मास्तरांनी तोंड उघडलं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि त्यांना हवी तशी संपली असती.

"मी नाही दाबला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी दाबला नाही. थांबलीस कशासाठी, तेही मला कळलेलं नाही."

"अहो, कुत्रा नाही का आडवा आला शेजाऱ्यांचा!"

"कुठे आहे?"

"हा काय, तुमच्याच बाजूला. शेपूट हलवतोय."

मास्तरांनी मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे तो म्हातारा कुत्रा त्यांना सापडला. मग त्यांनी रबरी मॅटची हकिगत सांगितली, खाली बघत, तुटक तुटक. शेवटी म्हणाले, "माझ्या पायावर विसंबू नकोस. त्याला कडेचं दिसत नाही."

बाईंनी हातब्रेक ओढला. मग त्यांनी विचारलं, "आणि तरी मला या गाडीतून जंगलात नेणार होतात?"

"हो."

"घरासाठी?"

"घरासाठी."

बाईंनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि दार आपटून घरात गेल्या. मास्तर होते तिथेच बसले. कुत्राही बसला. त्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा बाईंनी तो मास्तरांच्या हातात दिला आणि मास्तरांनी जावयाच्या रंगाची चौकशी केली. पिवळा आहे, फिकट, असं कळलं. छान, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सकाळी ते बाहेर आले तर छोटी गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती. कधी वळवली कोण जाणे. बाई चाकामागे बसल्या होत्या, मांडीवर पर्स. मास्तर शेजारचं दार उघडायला गेले, तर त्या सीटवर नातीसाठी घेतलेल्या खाऊची पिशवी, छत्री आणि बाईंची शाल असं सगळं मांडून ठेवलेलं.

"मागे बसा," बाई म्हणाल्या.

"मागे?"

"शेजारी बसलात तर माझा पाय परत तुमच्या पायाची वाट बघायचा. आणि बोलायचं नाही. काय चुकलं ते मी तुम्हाला विचारणार नाही."

मास्तर मागे बसले. उभ्या आयुष्यात ते आपल्या गाडीत मागे बसले नव्हते. तिथून त्यांना बायकोची मान दिसत होती, पांढरे झालेले केस, आणि आरशात तिचे डोळे, ते सारखे या कडेवरून त्या कडेवर जात होते. जाताना काही झालं नाही. मुलीकडे जेवण झालं, नात अंगावर झोपली, जावयाने खोली दाखवली. बाई म्हणाल्या, रंग फार छान आहे, पाहुण्यांना आवडेल. मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नातीच्या केसांकडे पाहिलं.

परतताना ऊन उतरलं होतं. ओढ्याजवळच्या वळणावर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि मग थांबली. मास्तरांनी पुढे वाकून बघितलं. समोर रस्ता होता, नुसता रस्ता. मागून मोठा हॉर्न वाजला, टँकरवाला असणार. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली. खूण अगदी मास्तरांच्या वळणाची होती.

न बोलायचं ठरलं होतं, पण मास्तरांना राहवलं नाही.

"लंगडत होतं का गं?"

"हे नाही लंगडत," बाई म्हणाल्या. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि नजर डाव्या झाडीवर. "थांबा. अजून एक असेल."