डोशियाआजीचे मँडोलिन

मित्रांनो, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात राहणारे मी एक जुने मँडोलिन. ऑर्बिन नावाच्या खाणकामगाराने मला घडवले, पाठीला मेपलचे लाकूड आणि पोटाला स्प्रूसचे. डोशियाने लग्नाला होकार दिला, त्या आनंदात त्याने मला तिच्या हाती ठेवले. संध्याकाळी ओसरीवर तो बँजो वाजवी, ती मला छेडी. शेजारी घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन येत, आणि उठायचे नाव घेत नसत.

पुढे खाणीत दरड कोसळली आणि ऑर्बिन गेला. डोशियाने मला पेटीत निजवले आणि पेटी पलंगाखाली सारली. गावात विजेच्या गिटारी आल्या. आमचे ब्लूग्रास, म्हणजे इथले डोंगरी तारवाद्यांचे संगीत, लोकांना म्हाताऱ्यांचे वाटू लागले. माझ्या तारा गंजल्या, पोटाला चीर गेली.

मग एका उन्हाळ्यात डोशियाची नात मारेटा साथीदारांना घेऊन आली. ही मंडळी तेच जुने संगीत विजेशिवाय वाजवत, आणि बोटे अशी की नजर ठरू नये!

"हात तयार आहे गं तुमचा," आजी म्हणाली. "पण कुत्रं मागं लागल्यासारखं कशाला वाजवता?"

मारेटा हसली. "मग तूच दाखव ना. आजोबांनी बांधलेली चाल आम्हाला अर्धीच येते. बाकीची तुलाच ठाऊक."

 आजीने पलंगाखाली बोट दाखवले.

वाद्ये दुरुस्त करणारा मला तपासून म्हणाला, "तारा ताणल्या तर हे फुटेलसुद्धा, आजी. भिंतीवर टांगा, शोभेल."

"शोभेला घरात मी आहे की!" आजी कडाडली. "चीर सांध आणि तारा चढव."

तारा ताणताना मी करकरले.  पण मी टिकले.

आजीची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. पहिले सूर चुकले. "थांबा रे," ती पुटपुटली आणि डोळे मिटून पुन्हा वाजवू लागली. हळूहळू उरलेली अर्धी चाल माझ्या पोटातून बाहेर आली. मारेटाने ती उचलली, मग साथीदाराच्या फिडलने, म्हणजे व्हायोलिनने. आजीचे गाल ओले झाले होते.

पानगळीत आजी गेली. तिला निरोप देताना मंडळींनी ती चाल पुरी वाजवली.

मित्रांनो, घरातले मुके वाद्य नुसते पुसून ठेवू नका, वाजवा. आणि ज्यांना त्याची चाल ठाऊक आहे, त्यांच्यापाशी आजच जाऊन बसा. तारा काय, बाजारात नव्या मिळतात.