परक्यांना दिलेली ऊब

“एका वेळी एकच कुपी उघडायची गं, मिचिरू. पाळण्यातली ही बाळं बदलली, तर रडूनही सांगत नाहीत.”

साकोदाबाईंचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मिचिरूला हे काम शिकवणाऱ्या बाई कधीच निवृत्त झाल्या. मी मात्र जपानमधल्या कागोशिमाच्या या प्रयोगशाळेत दाराजवळचा कोपरा धरून आहे. मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी. माणसाच्या अंगाइतकी ऊब धरायची आणि कुप्यांतल्या पेशी वाढवायच्या, एवढंच माझं काम.

त्यांतली एक कुपी तोयोआजींनी संशोधनासाठी दिलेल्या रक्तातल्या पेशींची. इथल्या कित्येक घरांत एक विषाणू आईच्या दुधातून लेकरात उतरतो, वर्षानुवर्षं निजून राहतो आणि एखाद्याच्या रक्तात कर्करोग होऊन जागा होतो. तोयोआजींच्या रक्तातही तो होता. इथली संशोधक मिचिरू त्यावर औषध शोधत होती. तिने ते त्या कुपीत घातलं आणि पेशी मेल्या. केवढ्या टाळ्या पडल्या! कुणी कौतुकानं माझंही दार थोपटलं.

मग मिचिरूने त्याच कुपीच्या राखून ठेवलेल्या पेशींत विषाणूची खूण शोधली. खूणच नव्हती. घाईच्या एका दुपारी तिने दोन कुप्या शेजारी शेजारी उघडल्या होत्या. दुसऱ्या, दांडग्या पेशींचा थेंब आत गेला आणि त्यांनी आजींच्या पेशींना जागाच ठेवली नाही. मला ऊब देता येते, मित्रांनो, ओळखता येत नाही. परक्यांना पोटाशी धरलं आणि आपलं माणूस पोटातच हरवलं. या लाजेनं माझा पत्रा आजही गार पडतो. मिचिरूने हे कुणालाच सांगितलं नाही. दार उघडताना माझ्याकडे बघेनाशी झाली.

एकदा छत्रीवरची इथल्या ज्वालामुखीची राख झटकत तोयोआजी उंबऱ्याशी आल्या. हातात उकडलेली रताळी.

“काय गं, माझी पिल्लं बरी आहेत ना? आणि तू अशी वाळलीस काय? औषध शोधणारीच आजारी पडली, तर झालं मग!”

“आजी, नात्सुएताई कशा आहेत?”

“लेकीच्या मानेला गाठी आल्यात. इस्पितळवाले म्हणतात, कडक औषधं लगेच सुरू करा. मीच तिला म्हटलं, थांब, आपल्या मिचिरूचं येतंय. माझंच दूध बाधलं ना गं तिला. निदान औषध तरी माझ्या रक्तातून निघू दे.”

रताळ्यासाठी पुढे झालेला मिचिरूचा हात अर्ध्यात थांबला.

मित्रांनो, मला रोज पुसा, माझं पाणी बदला. पण कुपीवर नाव कुणाचं आणि आत कोण, हेही विचारत जा. आणि चूक कळली, तर ती उबेला ठेवू नका. ती वाढते.

मिचिरूने माझ्या दाराला पाठ टेकली.

“आजी, थांबू नका. ताईंना आजच इस्पितळात न्या. माझं औषध तुमच्या पेशींवर कधी तपासलंच गेलं नाही. ज्या मेल्या त्या तुमच्या नव्हत्याच, माझ्या हातून बदलल्या. मला केव्हाचं माहीत होतं.”