मिश्रीलाल शेठचा न दुखणारा पाय

फैजपूरच्या बाजारात मिश्रीलाल शेठचं भांड्यांचं दुकान होतं, पण भांड्यांपेक्षा त्यांच्या सहनशक्तीचं नाव जास्त होतं. ते नाव शेठनी स्वतःच कमावलं होतं, म्हणजे स्वतःच सांगून सांगून. दाढ काढताना डॉक्टरला इंजेक्शन परत ठेवायला लावलं, पितळी घागर पायावर पडली तरी गिऱ्हाइकाला झाकणं दाखवत राहिलो, हे किस्से बाजाराला पाठ होते. दवाखाना ही त्यांच्या मते बायकांची आणि नोकरदारांची हौस होती.

त्यांच्या पत्नीचे, सायरबाईंचे, गुडघे दुखायचे. त्या मलम चोळायला बसल्या की शेठ पेपरमागून म्हणायचे, "सायर, दुखणं डोक्यात असतं, गुडघ्यात नाही." वर्षानुवर्षं हे ऐकून बाईंना स्वतःचीच लाज वाटायला लागली. मग त्या स्वयंपाकघराचं दार लोटून मलम लावायच्या.

एका सकाळी फरशी पुसताना बाईंना देवघरापासून दारापर्यंत रक्ताचे डाग दिसले. शेठ दारात चपला घालत होते.

"अहो, तुमच्या पायाला काय झालंय?"

"कुठं काय?"

बाईंनी त्यांच्या पायातली चप्पल ओढून काढली. तळातून एक खिळा वर आला होता. चवड्यावर, बोटाच्या बुडाशी भोक पडलं होतं, कडा काळ्या झाल्या होत्या आणि वास येत होता.

"हे कधीपासून आहे?"

"असेल दोन-चार दिवस. मला समजलंसुद्धा नाही." शेठच्या आवाजात अभिमान होता. तेवढ्यात शेजारच्या दुकानाचे असलमभाई शेठकडे ठेवलेली किल्ली मागायला आले. शेठनी त्यांना खिळा दाखवला. "बघा असलमभाई, दुसरा असता तर गाव गोळा केलं असतं."

असलमभाईंनी नाकाला रुमाल लावला. "शेठ, दवाखान्यात दाखवा."

"हळद लावू की," शेठ म्हणाले आणि दुकानात गेले.

आठवडा संपायच्या आत पाय सुजून चपलेत मावेना, अंगात ताप भरला. बाईंनी न विचारता जळगावला मुलाला, अखिलला फोन केला. तो गाडी घेऊन आला. जळगावात जरा माल बघून येऊ, असं म्हणत शेठ गाडीत बसले.

अखिलनं गाडी थेट दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं जखम दाबून पाहिली. शेठ हसत होते. "दाबा, बिनधास्त दाबा. आपल्याला काही होत नाही."

"साखर कधी तपासली होती?"

"कधीच नाही. दुखतच नाही, तर तपासायचं कशाला?"

रक्ताचा रिपोर्ट आला. तो वाचून डॉक्टरीणबाई शेठशी नाही, सायरबाईंशी बोलल्या. "साखर बऱ्याच वर्षांची दिसते. पायाच्या नसा बधिर झाल्यात."

"म्हणजे यांना सहन होतं म्हणून दुखत नाही, असं नाही?"

"नाही. सहन करायला आधी कळावं लागतं. यांना कळतच नाही."

सायरबाईंनी विचारलं, "आणि गुडघे दुखत असले तर?"

"कोणाचे?"

"माझे."

"मग तुमच्या नसा ठणठणीत आहेत. गुडघ्यांचा फोटो काढून घेऊ."

शेठ छताच्या पंख्याकडे बघत होते.

अंगठ्याशेजारचं बोट कापावं लागलं. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना शेठ "जरा इन्फेक्शन झालं होतं" एवढंच सांगायचे. साखरेचं नाव घ्यायचे नाहीत. बाई मात्र चहा देताना "यांचा बिनसाखरेचा" म्हणून कप वेगळा ठेवायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दवाखान्यातून निघताना नर्सनं बाईंना एक काम शिकवलं होतं. रोज तळपाय तपासायचे, आणि शेठना डोळे मिटायला सांगून कापूस टेकवत कुठं कळतं ते विचारायचं. पहिल्या संध्याकाळी बाईंनी त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"डोळे मिटा. आता सांगा, लागलं का?"

"लागलं."

"कुठं?"

"करंगळीला. स्स, जरा हळू, सायर."

कापूस अजून पुडीतच होता. बाई "बरं" म्हणाल्या आणि पुडी उघडायला लागल्या.